‘यीस्टपासून काढलेलं लॅक्टेज’ दुधात घालावं का? सुरक्षितता कशी तपासायची

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कराडजवळ आमची छोटी डेअरी आहे, रोजचं संकलन दोन हजार लिटर. दूध पचत नाही म्हणून बरीच गिऱ्हाइकं सुटतात, त्यांच्यासाठी लॅक्टोजमुक्त दुधाची पिशवी काढायचं ठरवलंय (लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, लॅक्टेज म्हणजे ती फोडणारं एन्झाइम). पुरवठादाराने वीस लिटरचा ड्रम पाठवला. ड्रमवर ‘लॅक्टेज, स्रोत यीस्ट’ एवढंच लिहिलंय आणि सोबत एका पानाचं तपासणी प्रमाणपत्र आहे. तो म्हणतो, “नैसर्गिक आहे, यीस्ट तर पावातही असतं, बिनधास्त घाला.” पण हे दूध लहान मुलं पिणार. ते सुरक्षित आहे हे मी कशावरून ठरवू?

ताई, बिनधास्त घालू नका आणि घाबरून परतही पाठवू नका. ड्रम उघडू नका, थंड खोलीत ठेवा आणि खालचं वाचा. मी मिरजेत राहते, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. गेली बावीस वर्षं अन्नात वापरायच्या एन्झाइमांच्या, म्हणजे जिवंत पेशींतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, सुरक्षिततेच्या फायली तयार करणं आणि दुसऱ्यांनी केलेल्या फायली तपासणं हेच माझं काम आहे.

‘यीस्टचं लॅक्टेज सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला मी हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही. आपल्याकडे कुणी ‘ऊस लावलाय’ म्हणाला की समोरचा लगेच विचारतो, ८६०३२ की २६५? कारण ऊस म्हटल्याने उतारा कळत नाही, रोग कळत नाही, तोड कधी ते कळत नाही. यीस्टचंही तसंच आहे. यीस्ट हे एका जीवाचं नाव नाही. पाव फुगवणारं यीस्ट त्यातलंच, आणि दवाखान्यात रक्तात शिरून माणसाचा जीव घेणाऱ्या काही कॅन्डिडा जातीही त्यातल्याच. म्हणून तुमच्या पुरवठादाराचं ‘यीस्ट तर पावातही असतं’ हे वाक्य खरं असूनही तुमच्या ड्रमबद्दल काहीच सांगत नाही. त्याला विचारायचं ते हे: कुठली प्रजाती, तिचा कुठला वाण, तो कशावर वाढवला, एन्झाइम बाहेर कसं काढलं, आणि माझ्या दुधातून मुलाच्या पोटात त्यातलं किती जाणार? सुरक्षिततेचं सगळं मूल्यमापन याच प्रश्नांभोवती फिरतं.

लॅक्टेजचंच बघा. बाजारात लॅक्टेज नावाने निदान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचं. दुधाच्या साधारण साडेसहा-सातच्या सामूला (पीएच) ते उत्तम चालतं, म्हणून डेअरीत तेच जास्त वापरतात. दुसरं अस्परजिलस ओरायझी या बुरशीचं; ते आम्लात टिकतं, म्हणून औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांमध्ये असतं. तिसरं बायफिडोबॅक्टेरियम या जीवाणूचं जनुक बॅसिलस या दुसऱ्या जीवाणूत बसवून त्याच्याकडून करून घेतलेलं. तिघांचं काम एकच, लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करणं. पण तिघांची तपासणी वेगळी: बुरशीच्या मालात बुरशीची विषं शोधावी लागतात, बॅसिलसच्या मालात त्या कुळातली जीवाणूजन्य विषं आणि प्रतिजैविक-रोधाची जनुकं बघावी लागतात. तेव्हा पहिला फोन ‘स्रोत’ या रकान्यासाठी करा. लेखी उत्तर ‘क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस’ असं यायला हवं आणि पुढे वाणाचा क्रमांक हवा. चांगला उत्पादक आपला वाण मान्यताप्राप्त संग्रहात ठेवतो. नेदरलँड्समध्ये असे संग्रह आहेत, अमेरिकेत आहेत, आपल्याकडे चंदीगडला आणि पुण्यात आहेत. क्रमांक सांगायला कुरकुर झाली तर तो माल मी तरी मुलांच्या दुधात घालणार नाही.

नावांचा गोंधळ प्रत्यक्षात होतो, म्हणून एक उदाहरण देते. चरबी फोडणाऱ्या एका लायपेजच्या पिंपावर कधी ‘कॅन्डिडा रुगोसा’ तर कधी ‘कॅन्डिडा सिलिंड्रेसिया’ लिहिलेलं असतं, जणू दोन्ही एकच. त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. रुगोसाने अशक्त रुग्णांच्या रक्तात संसर्ग केल्याच्या नोंदी आहेत. आता ओळख जनुकक्रमावरून पटवतात. फायलीत ती ओळख फक्त जुन्या रसायन-चाचण्यांवर उभी असेल तर मी तिथेच थांबते आणि पुढचं पान उलटत नाही.

क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिसची बाजू मात्र भक्कम आहे. हे यीस्ट मुळात दुधातलंच. चीज आणि आंबवलेल्या दुधात पिढ्यानपिढ्या माणसाच्या पोटात जात आलंय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या लॅक्टेजला १९८४ मध्ये ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ ठरवलं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००७ पासून सुरक्षित गृहीत धरता येतील अशा सूक्ष्मजीवांची यादी ठेवली आहे. तीत पावाचं यीस्ट आहे तसंच हेही आहे. या यादीचा अर्थ समजून घ्या. यादीतला जीव आहे, त्यापासून एन्झाइम करण्याच्या पद्धतीत काही वावगं नाही, वाणात धोकादायक बदल केलेला नाही, एवढं दाखवलं तर त्या प्राधिकरणाकडे उंदरांवरचे प्रयोग टाळता येतात. हे गृहीतक आहे, दाखला नाही. गृहीतकाच्या अटी पुऱ्या होतात हे प्रत्येक उत्पादकाला आपापल्या मालासाठी सिद्ध करावंच लागतं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘एन्झाइम’ हा शब्दच ग्रीकमधून आलाय आणि त्याचा अर्थ ‘यीस्टमध्ये असलेलं’. १८९७ मध्ये एडुअर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला आणि जिवंत पेशी नसतानाही त्या रसाने साखर आंबवून दाखवली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळालं. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या ड्रमातला माल तत्त्वतः तोच आहे: यीस्ट फोडून काढलेला रस. क्लुव्हेरोमायसिसचं लॅक्टेज पेशीच्या आत असतं, ते आपणहून बाहेर येत नाही. पेशी फोडाव्या लागतात. फोडल्या की लॅक्टेजबरोबर यीस्टच्या पोटातलं बाकी सगळंही बाहेर येतं: दुसरी प्रथिनं, डीएनए, आरएनए, पेशीभित्तीचे तुकडे. मग गाळायचं, आटवायचं, टिकावं म्हणून ग्लिसरॉल घालायचं. ड्रममध्ये शुद्ध लॅक्टेज नसतं, लॅक्टेजसकट यीस्टचा गाळलेला रस असतो. सुरक्षितता तपासायची ती या सगळ्याची.

म्हणूनच या कामात एक मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं: एकूण सेंद्रिय घन पदार्थ, धंद्यात सगळे टीओएस म्हणतात. शंभरातून पाणी, राख आणि मुद्दाम घातलेले ग्लिसरॉलसारखे पदार्थ वजा करा. उरलं ते टीओएस. समजा पाणी ४५ टक्के, ग्लिसरॉल ४९, राख १. उरले ५ टक्के. यीस्टकडून आलेलं जे काही आहे, कामाचं आणि बिनकामाचं, ते या ५ टक्क्यांत. सक्रियतेची एककं लॅक्टेज किती जोरात चालतं ते सांगतात, सुरक्षिततेचा हिशोब मात्र टीओएसवर होतो. तुमच्या प्रमाणपत्रावर एककं ठळक छापलीत आणि टीओएसचा पत्ता नाही. ते मागून घ्या.

हा फरक किती महागात पडतो ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाची फाईल माझ्याकडे तपासायला आली होती. पांढऱ्या उंदरांना ९० दिवस एन्झाइम पाजून केलेला प्रयोग, नावाजलेली प्रयोगशाळा, शेकडो पानं, रोजच्या वजनांचे तक्ते, यकृत-मूत्रपिंडाच्या पेशींची तपासणी, सगळं कसं चोख. सर्वांत मोठी मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे १००० मिलिग्रॅम आणि कुठलाही वाईट परिणाम नाही. मी मागे जाऊन प्रयोगाला वापरलेल्या बॅचचं पान काढलं. उंदरांना दिला होता तो विक्रीचा तयार माल, ज्यात निम्म्याच्या जवळपास ग्लिसरॉल आणि बाकी बरंचसं पाणी. म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या नावाखाली त्या उंदरांच्या पोटात खरं एन्झाइम-द्रव्य गेलं होतं पन्नास-साठ मिलिग्रॅम. प्रयोग खोटा नव्हता, पण निष्कर्षाचा आकडा जवळजवळ वीसपटीने फुगला होता. विषचाचणी नेहमी पातळ करण्याआधीच्या, दाट मालावर करायची असते आणि मात्रा टीओएसमध्ये सांगायची असते. तो प्रयोग पुन्हा करावा लागला. तेव्हापासून मी कुठलीही फाईल हातात आली की निष्कर्ष शेवटी वाचते. आधी चाचणीला गेलेल्या बॅचचं पान उघडते.

आता तुमच्या दुधाचा हिशोब करू, पद्धत दाखवण्यापुरता. आकडे तुमच्या मालाचे आले की बदला. समजा लिटरला १ ग्रॅम द्रव एन्झाइम घातलं आणि टीओएस ५ टक्के आहे. म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम. पंधरा किलोचं मूल दिवसाला अर्धा लिटर दूध प्यायलं तर २५ मिलिग्रॅम. वजनाने भागलं की किलोमागे सुमारे १.६७ मिलिग्रॅम. उंदरांच्या नीट केलेल्या प्रयोगात किलोमागे १००० मिलिग्रॅम टीओएसपर्यंत काही दिसलं नसेल तर दोन्हींमधलं अंतर साधारण ६०० पट निघतं. निदान १०० पट अंतर हवं असा जुना दंडक आहे: उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी दहा, माणसामाणसातल्या फरकासाठी दहा. हिशोब मोठ्या माणसावर करू नका. वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त दूध पितं ते लहान मूल, म्हणून गणित त्याच्यावरच मांडायचं.

उंदरांआधी जनुकांना इजा होते का ते बघतात. त्यासाठीच्या एम्स चाचणीत स्वतःचं हिस्टिडिन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) बनवू न शकणारे साल्मोनेला या जीवाणूचे खास वाण वापरतात. पदार्थाने जनुकबदल घडवला तर त्यातले काही जीवाणू पुन्हा हिस्टिडिन बनवू लागतात आणि ताटलीत त्यांच्या वसाहती उगवतात. यीस्टच्या रसाची इथे एक अडचण आहे: त्यात हिस्टिडिन आयतंच असतं. जीवाणूंना ते मिळालं की जनुकबदल न होताही वसाहती वाढतात आणि अहवालावर ‘सकारात्मक’ असा शेरा पडतो. अशा वेळी जीवाणू आधी एन्झाइमच्या द्रावणात ठेवून, धुऊन, मगच ताटलीत पसरायचे असतात. शेरा पाहून चांगला माल फेटाळलेलाही मी पाहिलाय, आणि ‘हिस्टिडिनमुळे असेल’ म्हणून पुन्हा चाचणीच न केलेलीही पाहिली. दोन्ही चूक. कारण वसाहती हिस्टिडिनमुळे उगवल्या की जनुकबदलामुळे ते धुऊन केलेल्या चाचणीनेच कळतं.

तुमच्या पानावरच्या बाकीच्या ओळींकडे येऊ. शिसं किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये नको, ई. कोलाय २५ ग्रॅममध्ये नको, कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण असलेले जीवाणू) ग्रॅममागे ३० पेक्षा जास्त नकोत, आणि मालात जीवाणूनाशक गुण नको. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये एन्झाइमांसाठी ठरवलेल्या या मर्यादा. तुमच्या पानावर शिसं आणि साल्मोनेला आहे, जीवाणूनाशक गुणाची ओळ नाही. ती डेअरीवाल्याने सोडू नये: ज्या मालात असा गुण असेल तो तुमच्या दह्याचं विरजणही बिघडवील. आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ड्रमच्या चिठ्ठीवरचा बॅच क्रमांक आणि पानावरचा क्रमांक शेवटच्या दोन आकड्यांत वेगळा दिसतोय. छपाईची चूक असेल, पण मग ते प्रमाणपत्र या ड्रमचं नाही. याच ड्रमचं मागवा.

जिवंत यीस्ट ड्रममध्ये उरलेलं नको. निरोगी माणसाला त्याने काही होणार नाही, पण रक्तवाहिनीत नळी घातलेल्या, प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णात पावाच्या यीस्टनेही रक्तात संसर्ग केलेला आहे. शिवाय तुमच्या पिशवीत ते वाढलं तर पिशवी फुगेल. वाण जनुकबदल केलेला असेल तर त्याचा डीएनएही मालात नसावा. युरोपात ग्रॅममागे १० नॅनोग्रॅमपर्यंतचा शोध घेऊ शकणाऱ्या चाचणीत तो सापडू नये अशी तिथल्या प्राधिकरणाची अपेक्षा असते. ‘जनुकबदल’ शब्दाने दचकू नका. चीजसाठी वासराच्या जठरातल्याऐवजी जे कायमोसिन (दूध गोठवणारं एन्झाइम) वापरतात ते जनुकबदल केलेल्या क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिसपासूनही काढतात आणि ते अनेक वर्षं जगभर खाल्लं जातंय. प्रश्न इतकाच की कुठलं जनुक घातलं, कुठे बसवलं, आणि खूण म्हणून प्रतिजैविक-रोधाचं जनुक आत ठेवलंय का. ठेवलं असेल तर मी नको म्हणते. त्याशिवाय काम होण्याचे मार्ग आता आहेत.

यीस्ट कशावर वाढवलं तेही विचारा. मळी असेल तर बरंच आहे, आपल्या साखर कारखान्यांमागे तीच असते. सोयाबीनचं किंवा गव्हाचं पेप्टोन (प्रथिन फोडून केलेलं खाद्य) वापरलं असेल तर त्याची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी ते कळायला हवं. कोमागाटेला फाफी नावाचं एक यीस्ट, पूर्वी त्याला पिचिया पास्टोरिस म्हणत, तेलातला चिकटा काढणारं फॉस्फोलायपेज बनवायला वापरतात. ते मिथेनॉलवर वाढवता येतं, मग त्या मालात मिथेनॉलचा अंश उरलाय का ते बघावं लागतं. यीस्ट सुरक्षित यादीतलं असलं तरी हा प्रश्न चुकत नाही.

खाण्यातून एन्झाइमची अॅलर्जी होणं फार दुर्मीळ. तरी एन्झाइमच्या अमिनो आम्लांचा क्रम माहीत असलेल्या अॅलर्जीकारक प्रथिनांशी जुळवून बघतात. ८० अमिनो आम्लांच्या कुठल्याही पट्ट्यात ३५ टक्क्यांहून जास्त साम्य निघालं तर पुढे तपासतात. खरा त्रास होतो तो श्वासातून आणि तो खाणाऱ्याला नाही, कामगाराला. पिठात बुरशीचं अमायलेज (पिष्ट फोडणारं एन्झाइम) मिसळणाऱ्या बेकरी कामगारांना दमा लागल्याच्या नोंदी भरपूर आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालणाऱ्या कारखान्यांत हेच झालं होतं. इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गेले होते तेव्हा पंख्याखाली इन्व्हर्टेज या साखर फोडणाऱ्या एन्झाइमची पावडर ओतत होते. ओतणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून होता, तरी त्याची ढास थांबत नव्हती. “धूळ आहे मॅडम, होतं असं,” म्हणाला. ती धूळ नव्हती, ते प्रथिन होतं, आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे चिमूटभरानेही दम लागतो. पंखा तिथेच बंद करायला लावला. तुमचा माल द्रव आहे हे चांगलंच. तरी तो फवारू नका, सांडला तर वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने लगेच पुसा, हातमोजे आणि चष्मा वापरा.

आता माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. क्लुव्हेरोमायसिसचं लॅक्टेज ३५ ते ४० अंशांना जोरात चालतं, तेव्हा पुरवठादार म्हणेल की दूध कोमट ठेवा, काही तासांत काम होईल. तसं करू नका. त्या तापमानाला एन्झाइमबरोबर जीवाणूही वाढतात, आणि एन्झाइममुळे कुणी आजारी पडण्यापेक्षा कोमट ठेवलेल्या दुधाने आजारी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. दूध पाश्चराइझ करा, ५ अंशांच्या आसपास आणा, एन्झाइम घाला, साधारण २४ तास थंडच ठेवा आणि मग पुन्हा पाश्चराइझ करून पिशवीत भरा. दुसऱ्या पाश्चरायझेशनने एन्झाइमही निकामी होतं.

दुधात पाणी आहे का ते बघायला तुम्ही गोठणबिंदूचं यंत्र वापरत असाल तर मोजणी एन्झाइम घालण्याआधीच करा. एका लॅक्टोजचे दोन रेणू होतात, त्यामुळे गोठणबिंदू उणे ०.५२ अंशांवरून उणे ०.८ च्या आसपास उतरतो आणि घातलेलं पाणी लपून जातं. लॅक्टोज किती फुटलं याचा अंदाज घ्यायला मात्र तोच बदल कामाला येतो.

चवीची तक्रार आली तर तिच्याकडेही सुरक्षिततेच्या नजरेने बघा, कारण चव बिघडणं म्हणजे मालाची गाळणी कच्ची राहिल्याची खूण असू शकते. रसात प्रथिनं फोडणारी एन्झाइमं उरली तर साठवणीत दूध कडवट होतं. अॅरिलसल्फेटेज हे दुसरं एन्झाइम उरलं तर औषधासारखा वास येतो. ते दुधातल्याच एका घटकापासून पी-क्रेसॉल हा उग्र वासाचा पदार्थ मोकळा करतं. आणि या दुधाची बासुंदी केलीत तर ती लवकर तपकिरी होईल, पण ती मालाची खोट नाही. ग्लुकोज-गॅलॅक्टोज उष्णतेने लॅक्टोजपेक्षा लवकर रंगतात.

पिशवीवर तीन गोष्टी स्वच्छ लिहा, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. ज्यांना दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी हे दूध नाही. प्रथिन जसंच्या तसं आहे. गॅलॅक्टोसिमिया (गॅलॅक्टोज पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळासाठी तर हे मुळीच नाही; लॅक्टोज गेलं तरी त्याचं गॅलॅक्टोज दुधातच आहे, आणि त्या बाळाला तेच घातक. मधुमेहींनी हे कमी साखरेचं समजू नये. गोडी वाढते, साखर तेवढीच राहते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला असंही गाईचं दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये, ते कुणी विचारलं तर सांगा.

कायद्याचं थोडक्यात. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली असं एन्झाइम बहुधा प्रक्रिया-सहायक म्हणून, म्हणजे फक्त प्रक्रियेपुरता वापरायचा पदार्थ म्हणून, मोजलं जातं. २०११ च्या नियमांच्या परिशिष्टात एन्झाइमांची यादी आहे. तुमच्या मालाचं नाव आणि स्रोत तिच्याशी शब्दशः ताडा. स्रोत जुळत नसेल तर २०१७ च्या नियमांखाली एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची) आगाऊ मंजुरी लागते, आणि ते काम पुरवठादाराचं आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त मंजुरीची प्रत मागायची. शाकाहारी की मांसाहारी असंही गिऱ्हाईक विचारेल. यीस्ट हा प्राणी नाही, हिरवा ठिपका चालतो. पण त्याच्या खाद्यात प्राणिज पेप्टोन वापरलं नाही असं लेखी घ्या, इकडे लोक ते मनापासून विचारतात.

पुरवठादाराला आजच पत्र टाका. त्यात हे मागा: प्रजातीचं पूर्ण नाव आणि वाणाचा संग्रह-क्रमांक, वाण जनुकबदल केलेला आहे का, कशावर वाढवला, टीओएस किती, जिवंत पेशी आणि डीएनए नसल्याचा अहवाल, विषचाचण्या झाल्या असतील तर त्यांचा सारांश आणि त्यासाठी वापरलेल्या बॅचचं वर्णन, झाल्या नसतील तर का नाहीत याचं कारण, आणि याच ड्रमच्या क्रमांकाचं प्रमाणपत्र. मोठ्या उत्पादकाचा माल असेल तर हे कागद त्याच्याकडे तयार असतात, आठवड्यात येतात. आल्यावर पहिल्या वापराच्या दिवशी ड्रममधून शंभर मिली काढून निर्जंतुक बाटलीत भरा, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा. पुढे काही तक्रार आलीच तर मी सगळ्यात आधी तीच बाटली मागेन.